सातव्या प्रतिसादकाचं वाक्य

कोर्टात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. न्यायाधीशांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची ती स्टेनोबाई. सोळा वर्षं ती साक्षी उतरवून घेत होती. कोण नेमकं काय म्हणालं यावरून वकिलांची जुंपली, की न्यायाधीश चष्म्यावरून तिच्याकडे बघत आणि ती वही उघडून शब्दन् शब्द वाचून दाखवी. साक्षीदार मध्ये खोकला असेल तर तेही. बाईच्या वहीवर माशी बसली तर तीही उतरून घेतली जाते, असं बेलीफ म्हणायचा. ती वरवर हसायची, पण तिला ते आवडायचं. ऐकलेलं जसंच्या तसं उतरवणं एवढी एकच गोष्ट आपल्याला येते, आणि ती आपल्याइतकी कुणालाच येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एकदा एका तरुणाला सात वर्षांची सजा झाली. निकाल टाइप करून ती बाहेर आली तर त्याची आई जिन्याच्या पायरीवर बसलेली. तिनं स्टेनोबाईचा हात धरला. "बाई, तुम्ही आतल्या. तिथं पांघरूण देतात का हो? त्याला थंडी सोसत नाही."

'सश्रम कारावास' हे दोन शब्द स्टेनोबाईनं आजवर शेकडो वेळा टाइप केले असतील. पण त्या शब्दांच्या पलीकडे काय असतं, हे तिला त्या बाईइतकंच माहीत होतं. "देत असतील," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

ते 'देत असतील' तिच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं. पुढच्याच वर्षी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तिनं विद्यापीठात गुन्हेगारी न्याय आणि सुधारसेवा या विषयाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. वर्ग संध्याकाळी सहा ते आठ. घरी सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "लोक तुरुंगातून सुटायला धडपडतात आणि आमची सून प्रवेशपरीक्षा देऊन आत निघालीय!" पण दुसऱ्या दिवशी तिची जुनी पिशवी शिवून दिली ती त्यांनीच. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून लवकर यायचा, त्यानं संध्याकाळचा स्वयंपाक अंगावर घेतला. त्याच्या हातच्या जेवणाला सासूबाई 'सक्तमजुरी' म्हणायच्या आणि निमूट भोगायच्या.

वर्गात सगळी मुलं तिच्या निम्म्या वयाची. त्यांच्यासाठी ती आधी मॅडम, मग ताई आणि पहिल्या परीक्षेआधी तिच्या टिपणांची वही हातोहात फिरली तेव्हापासून काकू. शिकवणाऱ्या प्राध्यापिका वीस वर्षं परिवीक्षा अधिकारी होत्या. तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली सोडलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांनी पायातल्या चपला झिजवल्या होत्या. बोलायला रोखठोक. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "शिक्षा कशासाठी?" कुणी म्हणालं जरब बसावी म्हणून, कुणी म्हणालं माणूस सुधारावा म्हणून. बाई म्हणाल्या, "दोन वर्षांनी मला परत सांगा. तेव्हा इतक्या पटकन सांगता आलं तर मी नापास झाले असं समजेन." स्टेनोबाईनं हेही जसंच्या तसं उतरवून घेतलं.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध लिहायचा होता. स्टेनोबाईनं विषय घेतला, कैद्यांचं काम आणि त्यांचं मन. मध्यवर्ती तुरुंगात सहा शनिवार जायची परवानगी मिळाली. अट एकच होती: काम पुरं झालं की एक प्रत तुरुंगाच्या कचेरीला द्यायची.

आत ध्वनिमुद्रण करायला बंदी होती. बाकीच्या मुलांची त्यामुळे पंचाईत झाली. स्टेनोबाईचं काय अडणार होतं? पेन्सिल आणि वही. प्रत्येक कैद्याला ती आधी संमतीपत्र वाचून दाखवायची. ते तिनं स्वतःच टाइप केलं होतं. त्यात पाचवं कलम होतं: 'आपलं नाव कुठंही येणार नाही. आपण सांगितलेल्या गोष्टींमुळे आपल्याला कोणताही त्रास होणार नाही.' मग सही किंवा अंगठा. असे एकूण अकराजण झाले. प्रबंधात त्यांना नावं नव्हती, नुसते क्रमांक.

सातवा प्रतिसादक बाइंडिंगच्या कारखान्यात काम करायचा. लांबट खोली, उंचावर गजांच्या खिडक्या, मधोमध टेबल, त्यावर पुठ्ठे, कापडाचे तुकडे, दोऱ्याची रिळं आणि पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. कोपऱ्यात चिकटवायच्या खळीचं पातेलं. गावोगावच्या वाचनालयांतली फाटकी पुस्तकं तिथं बांधायला येत. पन्नाशीचा माणूस, बारीक, बोटांची टोकं खळीनं पांढरी पडलेली. शिक्षेची अकरा वर्षं झालेली. पहिल्या शनिवारी तो हो-नाहीपलीकडे बोलला नाही. दुसऱ्या शनिवारी त्यानं तिला पुस्तकाची शिवण कशी घालतात ते दाखवलं. तिसऱ्या शनिवारी तिनं विचारलं, "या कामात तुम्हाला काय आवडतं?"

त्यानं दाराकडे पाहिलं. दारापाशी कारखान्याचे मास्तर बसले होते. हे मास्तर तुरुंगाचे नोकर, कैद्यांना बाइंडिंग शिकवणारे, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. ते कानावर मफलर गुंडाळून हजेरीपट भरत होते.

"खरं सांगू का बाई?" तो हळूच म्हणाला. "माझ्या हातात आलेलं पुस्तक वाचून संपेस्तोवर त्याची खळ काही वाळत नाही."

स्टेनोबाईची पेन्सिल क्षणभर थबकली.

"मास्तरांना कळत नाही?"

"कळतं की. कचेरीतून विचारणा आली की ते लिहून देतात, हवा दमट आहे." तो पहिल्यांदाच हसला. "आमच्याकडं अकरा वर्षं हवा दमट आहे बाई."

त्या दिवशी बसमधून परत येताना ती वाक्यं ती मनातल्या मनात घोळवत राहिली. बाकीच्यांनी तिला सांगितलं होतं, काम असलं की वेळ जातो. तेच ते, सगळ्या अहवालांत असतं तसलं. आणि या एका माणसानं अख्खा तुरुंग दोन ओळींत मांडून दाखवला होता. तिनं त्या प्रकरणाला नावच दिलं, 'खळ वाळत नाही'.

प्राध्यापिका बाईंनी कच्चा मजकूर वाचून त्या वाक्यांभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला. "हे काढा."

"मॅडम, पण नाव नाहीये त्याचं. वय नाही, गुन्हा नाही. कारखाना कुठला तेसुद्धा लिहिलेलं नाही."

"खळ कुठल्या कारखान्यात असते? लोहारकामाच्या?"

"पण सगळ्या प्रबंधाचा जीव आहे तो."

"असेल. तो त्याचा आहे, तुमचा नाही. आणि दुसऱ्या वाक्यात एका नोकराची नोकरी आहे. काढा म्हणजे काढा."

स्टेनोबाईनं ते काढलं. बाईंनी नवा मजकूर चाळला आणि मंजुरीच्या पानावर सही केली.

आणि मग ते झालं. खरं तर झालं नाही, तिनं केलं. बांधणीला देण्याआधीच्या दुपारी, कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत, ती शेवटची प्रत छापायला बसली होती. सातव्या प्रकरणाशी आली. तिथं आता लिहिलेलं होतं, 'प्रतिसादकाला कामातून वाचनाची संधी मिळते.' तिनं ते दोनदा वाचलं. कसं मिळमिळीत, सरकारी! असलं वाक्य कुणीही लिहील. साक्षी ऐकण्यात मुरलेल्या तिच्या कानांना त्याची लाज वाटली. एवढ्या मोठ्या कचेरीत कोण वाचतंय असले प्रबंध, प्रती तर कपाटात धूळ खात पडतात, असं तिनं स्वतःला समजावलं. बोटं आपोआप फिरली. खळही परत आली आणि दमट हवाही. पूर्ण एक मिनिटसुद्धा लागलं नाही. सहीचं पान तिनं सगळ्यात वर ठेवलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. मोठ्यानं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "याला म्हणतात ऐकणं!" स्टेनोबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. प्राध्यापिका बाई त्या दिवशी दुसऱ्या खोलीत परीक्षा घेत होत्या. निकाल लागला, काकू वर्गात पहिली. सासूबाईंनी शेजारीपाजारी सांगितलं, "आमची सून तुरुंगात पहिली आली."

दोन महिन्यांनी विद्यापीठात एक परिसंवाद झाला. मधल्या सुट्टीत तुरुंगाचे अधीक्षक स्वतः चहाचा कप घेऊन तिच्याकडे आले. सभ्य माणूस, आवाज मऊ. परवानगी त्यांनीच दिली होती.

"तुमचा प्रबंध मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला," ते म्हणाले. "असे अभ्यास व्हायला हवेत. वाचनालयांची किती वर्षांची तक्रार होती, पुस्तकं महिनोन् महिने परत येत नाहीत. आम्हाला कारणच सापडत नव्हतं. तुमच्यामुळे सापडलं."

"हो का," स्टेनोबाई म्हणाली.

"कैद्याला धोबीखान्यात हलवलं. मास्तरांची बदली केली, किशोरांच्या सुधारगृहात. जरा लांब पडतं, दिवसभराचा प्रवास आहे. पण नियम म्हणजे नियम. खोटे शेरे लिहायचे म्हणजे काय?" त्यांनी कप खाली ठेवला. "पुन्हा काही अभ्यास करायचा असेल तर अवश्य या. दार उघडं आहे."

तिच्या चेहऱ्यावर आलेलं हसू तसंच राहिलं. ते कसं पुसायचं हे तिला कळेना. पुढचं भाषण तिनं सवयीनं वहीत उतरवलं. घरी येऊन वही उघडली तर पान भरलेलं, पण त्यातलं एक अक्षर आठवेना.

त्यानंतरचे पंधरा दिवस तिनं तोंडाला कुलूप लावलं. कोर्टात पहिल्यांदाच तिची चूक झाली, साक्षीदाराचं 'नव्हतो' तिनं 'होतो' असं टाइप केलं. नवऱ्याला वाटलं, अभ्यास संपला म्हणून चुकल्याचुकल्यासारखं होतंय. सासूबाईंना तसं वाटलं नाही. एका रविवारी सकाळी भाजी निवडताना त्यांनी सुरी बाजूला ठेवली. "काय खुपतंय गं तुला?"

तिनं सांगितलं. फक्त सही झाल्यावर वाक्य परत घातल्याचं वगळलं. "चूक झाली माझ्या हातून," ती शेवटी म्हणाली.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. कोर्टात आयुष्य काढूनही स्टेनोबाईनं असली उलटतपासणी पाहिली नव्हती. "झाली की केलीस?"

स्टेनोबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"झालेली चूक माणूस दोन दिवसांत सांगून मोकळा होतो. तू पंधरा दिवस गिळून बसलीयस. म्हणजे केलीयस. मला नको सांगू, माझ्यानं काय होणारे? जिला सांगायचं तिला जाऊन सांग."

सोमवारी ती प्राध्यापिका बाईंच्या खोलीत गेली आणि खुर्चीत न बसता सगळं सांगितलं. बाईंनी कपाटातून प्रबंध काढला, पान उलटलं, वाचलं. नंतर मंजुरीच्या पानावरची आपली सही पाहिली. स्टेनोबाईला वाटलं, ओरडल्या तर बरं होईल.

"मी तुम्हाला पहिल्या वर्षी सांगितलं होतं ना, की या कामात वाईट माणसं फार थोडं नुकसान करतात, बाकीचं चांगली माणसं करतात?" त्या अखेर म्हणाल्या. "बसा. आधी पत्र लिहू. रडायचं असेल तर मग रडा."

त्या दोघी अधीक्षकांना भेटल्या. स्टेनोबाईनं संमतीपत्र टेबलावर ठेवून पाचव्या कलमावर बोट ठेवलं. अधीक्षकांनी ते शांतपणे वाचलं. "पण हे वचन तुम्ही दिलंत," ते म्हणाले. "मी नाही दिलं. कळलेली गोष्ट मी कळली नाही असं कसं म्हणू?" माणूस खोटं बोलत नव्हता. बाईंनी वाद घातला, अशानं उद्या कुठला कैदी कुणाशी बोलेल, म्हणाल्या. त्यांनी ऐकून घेतलं, वर कळवतो म्हणाले. एक मात्र केलं, कैद्याला अर्धा तास भेटायची परवानगी दिली.

भेटीच्या खोलीत टेबलाच्या पलीकडे तो येऊन बसला. बोटांची पांढरी टोकं गेली होती. हात सोड्यानं लाल झाले होते आणि कातडी सोललेली होती.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "मॅडमनी काढायला सांगितलं होतं. मी काढलं आणि परत घातलं. ते वाक्य फार चांगलं होतं म्हणून."

त्यानं मान तिरकी केली, एखाद्या पुस्तकाची बांधणी कुठून उसवलीय ते बघावं तशी. "कचेरीत मला वाचून दाखवलं त्यांनी. मी म्हटलं, हा मी नाही. साहेब हसले. म्हणाले, असं बोलणारा दुसरा आणून दाखव." तो थांबला. "नाव नव्हतं, खरंय तुमचं. पण बाई, गळा तर माझाच होता ना."

तिची नजर त्याच्या सोललेल्या हातांवर गेली.

"तुम्ही पहिल्याच बाई, ज्या मी बोलताना मध्ये बोलल्या नाहीत," तो म्हणाला. "म्हणून बोललो मी. माझं सोडा, मला काय, कपडे धुवायचे. मास्तरांनी मात्र माझं काय खाल्लं होतं?" आता त्याचा आवाज चढला. "त्यांच्या बायकोला दिसत नाही नीट. रोज संध्याकाळी घरी जाऊन ते तिला पेपर वाचून दाखवायचे. तुम्हाला ते मी सांगितलं नव्हतं, नाही का? बरं झालं नाही सांगितलं. तेही छापलं असतंत."

शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं. तो उठला आणि मागे न बघता गेला. तिनं माफी मागितली होती की नाही, हे तिला बाहेर आल्यावरही आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा एका संभाषणाची तिच्याकडे नोंद नव्हती.

तिनं विद्यापीठाला लेखी कळवलं: मंजूर प्रतीत मी नंतर बदल केला, मार्गदर्शकांचा दोष नाही. चौकशी बसली. प्रबंधाच्या सगळ्या प्रती परत मागवल्या, सातवं प्रकरण काढून टाकलं, गुण नव्यानं दिले गेले. पहिला नंबर एका मुलीला गेला. ती मुलगी अवघडून "काकू, सॉरी" म्हणाली, तेव्हा स्टेनोबाईला हसू आलं. तेवढीच एक गोष्ट त्या दिवसांत तिला हलकी वाटली. नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लिफ्टचा एक स्क्रू मी असाच एकदा तपासणी झाल्यावर बदलला होता. कुणी पडलं नाही, एवढंच." सासूबाईंनी शेजारी काही सांगितलं नाही.

तिची पत्रं वर जात राहिली. तीन गेली, एकाची पोच आली. आठ महिन्यांनी प्राध्यापिका बाईंचा फोन आला, सातवा परत बाइंडिंगला गेला. स्टेनोबाईचे डोळे भरून आले. "पत्राचा उपयोग झाला?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्या खोटा धीर देणाऱ्यांतल्या नव्हत्या. "नवीन माणसांना शिवण जमेना. पुस्तकांचा ढीग छताला लागला, म्हणून बोलावून घेतलं. तुमच्यामुळे नाही. आणि हो, नवे मास्तर घड्याळ लावून बसतात."

जुने मास्तर परत आले नाहीत. लांबच्या सुधारगृहातच त्यांची नोकरी संपली आणि मग ते घरी आले. महिनाभरानं, एका शनिवारी, स्टेनोबाई पत्ता शोधत त्यांच्याकडे गेली. दोन खोल्यांचं घर, तळमजला. दार त्यांच्या बायकोनं उघडलं, चाचपडत. मास्तर आतून आले, त्याच मफलरमध्ये. तिनं कोण ते सांगितलं. ते ओळखून होते. खुर्ची पुढे केली, पाणी आणलं.

ती बोलली. या वेळी नीट, काही न वगळता, सहीच्या पानासकट. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. त्यांची बायको भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा स्टेनोबाईच्या आवाजाच्या दिशेनं होता.

"इतके महिने पेपर कुणी वाचून दाखवला तुम्हाला?" स्टेनोबाईनं तिला विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडून निघून गेलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "काय असतंय त्यात?"

मास्तरांनी घसा खाकरला. "खोटा शेरा मीच लिहीत होतो बाई," ते म्हणाले. "तो काही तुम्ही लिहिला नव्हता." मग, खरंच जाणून घ्यायचं असावं तसं, त्यांनी विचारलं, "पास झालात ना पण?"

"झाले. दुसऱ्या वर्गात."

"चांगलं आहे," मास्तर म्हणाले. "या वयात शिकणं सोपं नाही."

त्यांनी तिला कोपऱ्यापर्यंत पोचवलं आणि बस कुठं मिळेल ते दाखवलं. स्टेनोबाई थांब्यावर उभी राहिली. त्यांनी रागावून दार लावलं असतं, तर ते तिला घरी नेता आलं असतं, कुणाला तरी सांगता आलं असतं. हे काय घेऊन जायचं, तिला कळेना. पहिली बस आली आणि गेली. ती दुसरीनं गेली.